‘अंतर्गत बाब’ ही ढाल आधी कुणाच्या हातात होती?

जिनिव्हाहून, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क यंत्रणेकडून, भारताबद्दल एखादा अहवाल आला की पुढचे चार दिवस काय बोललं जाणार हे आधीच ठरलेलं असतं. एक बाजू अहवालातलं एखादं वाक्य उचलून जगात आपली कशी नाचक्की झाली ते सांगते. दुसरी म्हणते, मानवी हक्क हे पाश्चात्त्यांचं हत्यार आहे, आमच्या अंतर्गत बाबीत बोलणारे तुम्ही कोण? अहवाल कुणी लिहिला, कोणत्या कराराच्या कोणत्या कलमाखाली लिहिला, ते कलम आपण स्वतःहून मान्य केलं होतं का, हे विचारायला कुणी थांबत नाही. मला ही चर्चाच चुकीच्या पायावर उभी दिसते. अहवाल नाचवणारी बाजू आळशी आहे, पण ‘अंतर्गत बाब’ म्हणणारी बाजू जास्त नुकसान करते, कारण जे भारताने घडवलं तेच ती परकं म्हणून उकिरड्यावर टाकते. मानवी हक्क ही परक्यांची वस्तू आहे हे इतिहासाला धरून नाही, देशाच्या हिताचंही नाही. आणि बडोद्यात राहणाऱ्या माणसाला तर ते म्हणणं शोभतच नाही.

बडोद्याचं नाव उगाच घेत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय ज्यांच्या नावाचं आहे त्या हंसा मेहता बडोदे संस्थानच्या दिवाणांची, मनुभाई मेहतांची मुलगी. बडोदे कॉलेजच्या पदवीधर, पुढे १९४९ पासून याच विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर १९४७-४८ मध्ये भारताच्या प्रतिनिधी त्याच होत्या. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांना ‘मेन’मध्ये बायकाही आल्याच असं वाटत होतं. हंसाबेनांचा आग्रह असा, की कायद्याचा शब्द सोयीने वाचणारे देश त्याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावतील. शेवटी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असा बदल झाला आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तोच मजकूर मंजूर झाला. ग्रंथालयात रोज येणारी किती मुलं-मुली हे जाणतात?

पुढे जाण्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण निम्मा वाद त्यातूनच जन्मतो. चार वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो. पहिली, मानवी हक्क परिषद: ४७ सदस्य देश, निवडून आलेले, म्हणजे निखळ राजकारणाची जागा. दुसरी, करारांच्या समित्या. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराखालची समिती १८ तज्ज्ञांची आहे आणि त्यांनी आपापल्या सरकारची बाजू मांडायची नसते. तिसरी, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांचं कार्यालय. चौथी, खाजगी संस्थांचे निर्देशांक, ज्यात देशांना गुण देऊन क्रमवारी लावतात. यातल्या चौथ्या प्रकाराबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. बऱ्याच क्रमवाऱ्या मूठभर जाणकारांच्या मतांवर उभ्या असतात. पण दुसरा प्रकार तसा नाही. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला, तोही आपल्या हरकती लेखी नोंदवून. स्वयंनिर्णयाचं कलम १ आपल्याला परकीय अंमलाखालच्या लोकांपुरतंच मान्य आहे, आणि अटकेबाबतचं कलम ९ आपल्या राज्यघटनेतल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या तरतुदींशी जुळवूनच लागू होईल, असं आपण तेव्हाच सांगितलं. अशा कराराचा आढावा म्हणजे हस्तक्षेप कसा? जुलै २०२४ मध्ये या समितीपुढे भारताचा आढावा झाला, तो १९९७ नंतर पहिल्यांदाच. सत्तावीस वर्षं! एवढ्या सैल दोरीला कुणी गळफास म्हणत असेल तर त्याने दोरी बघितलेली नाही.

आता ढालीकडे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २, परिच्छेद ७ म्हणतं की कोणत्याही देशाच्या मूलतः देशांतर्गत अखत्यारीतल्या गोष्टीत संघटनेने हस्तक्षेप करू नये. ही ढाल आमसभेत पहिल्यांदा जोरात उचलली ती दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स यांनी, १९४६ मध्ये, आणि उचलली भारताविरुद्ध. त्या वर्षी तिथे आशियाई लोकांच्या जमीनधारणेवर बंधनं घालणारा कायदा झाला. तिथले हिंदी लोक त्याला ‘घेट्टो अ‍ॅक्ट’ म्हणत. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि प्रश्न आमसभेत नेला. देश अजून स्वतंत्र नव्हता, हंगामी सरकार येऊन जेमतेम काही महिने झाले होते. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. स्मट्सचा युक्तिवाद अगदी ओळखीचा होता: हे लोक आमचे नागरिक आहेत, त्यांच्याशी कसं वागायचं हा आमचा घरचा प्रश्न. ज्या स्मट्सनी सनदेच्या प्रस्तावनेचा मूळ मसुदा लिहिला, मूलभूत मानवी हक्कांवरच्या श्रद्धेचे शब्द ज्यांच्या मसुद्यातून आले, तेच हे बोलत होते. तुमच्याकडे जातिभेद आहेत, दंगली आहेत, तुम्ही आम्हाला काय शिकवता, हेही तेव्हाच बोलून झालं होतं. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झालं. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात होते. दोन-तृतीयांश बहुमताने भारत जिंकला.

एखाद्या देशाने आपल्याच नागरिकांशी कसं वागावं हा साऱ्या जगाचा प्रश्न आहे हे तत्त्व आमसभेत पहिल्यांदा मोठ्या लढतीत जिंकून घेतलं ते भारताने, आणि तेही ब्रिटन-अमेरिकेच्या मतांविरुद्ध. त्या तत्त्वाला आज पाश्चात्त्यांची खेळी म्हणायचं तर १९४६ सालच्या बत्तीस देशांना काय म्हणायचं?

ते जुनं झालं, आता काळ बदलला, असं कुणी म्हणेल. मग १९७१ घ्या. पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं आपल्या हद्दीत आली. पाकिस्तान म्हणत होता ही आमची अंतर्गत बाब. आमसभेने ७ डिसेंबरला युद्धबंदीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी केला, आणि आपण त्या अकरांत होतो. तेव्हा आपलं म्हणणं होतं की शेजाऱ्याच्या घरात कत्तल चालू असताना आणि तिचा लोंढा आपल्या अंगणात येत असताना सीमेचं कुंपण दाखवून कुणी आपलं तोंड बंद करू शकत नाही. श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावर २०१२ आणि २०१३ मध्ये मानवी हक्क परिषदेत भारताने श्रीलंका सरकारच्या विरोधातल्या ठरावांना मत दिलं. ऑगस्ट २०२४ नंतर बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांबद्दल आपण जाहीर चिंता व्यक्त केली, आणि ती करायलाच हवी होती. पण ढाक्याने ‘अंतर्गत बाब’ म्हटलं तर त्याला उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं? तिथल्या हिंदूंसाठी जे तत्त्व हवं तेच दिल्लीत नको, असं करून चालणार नाही. तत्त्व मोडीत काढलं तर पहिला फटका आपल्याच शेजारी राहणाऱ्या, आपल्याकडे आशेने बघणाऱ्या लोकांना बसेल.

विरोधी बाजूचे मुद्दे मी किरकोळ मानत नाही. त्यातला पहिला असा की १९४८ मध्ये जाहीरनामा ठरवताना टेबलाभोवती होतं कोण? संयुक्त राष्ट्रांचे सदस्य तेव्हा ५८. जवळजवळ सगळी आफ्रिका आणि आशियाचा मोठा भाग वसाहतींत. ज्यांच्या नावाने ‘सर्व माणसं’ म्हटलं त्यातल्या बहुतेकांना विचारलंच नव्हतं. हे खरं आहे आणि ते लपवून काही साधत नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. हा कागद साम्राज्यांच्या सोयीचा असता तर साम्राज्यांना त्याची भीती का वाटली असती? मतदानात ४८ बाजूने, विरोधात शून्य, ८ तटस्थ. तटस्थांमध्ये सोव्हिएत गट, सौदी अरेबिया आणि पुन्हा दक्षिण आफ्रिका. फ्रान्स स्वतःला मानवी हक्कांची जन्मभूमी म्हणवतो, पण युरोपीय मानवी हक्क करार १९५० चा, फ्रान्सने तो पक्का केला १९७४ मध्ये, अल्जीरिया हातून गेल्यावर बारा वर्षांनी. अमेरिकेत कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी १९४७ मध्ये कृष्णवर्णीयांची कैफियत संयुक्त राष्ट्रांकडे नेली तेव्हा ती पुढे जाऊ नये म्हणून जपणाऱ्यांत खुद्द रूझवेल्टबाई होत्या. मानवी हक्क आयोगाने तर १९४७ मध्येच जाहीर केलं की आलेल्या तक्रारींवर काही करण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याच वर्षी भारताने ठेवलेल्या मसुद्यात मात्र हक्कभंगाच्या तक्रारींची दखल सुरक्षा परिषदेने घ्यावी, चौकशी करावी आणि निवारण घडवून आणावं असं म्हटलं होतं. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हात अंमलबजावणीचा विचार करायला जो गट बसला त्याच्या अध्यक्ष हंसाबेनच होत्या. म्हणजे दात नसलेला जाहीरनामा मोठ्या सत्तांना हवा होता आणि दात बसवा असं आपण म्हणत होतो. पुढे वसाहती सुटल्या, नवे देश आले, आणि वंशभेदविरोधी करार १९६५ मध्ये, नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांच्या दोन मोठ्या करारांच्याही एक वर्ष आधी, त्यांच्याच रेट्याने झाला. त्याच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण यांबरोबर ‘डिसेंट’, म्हणजे जन्म-कुळ, हा शब्द आहे. तो भारताच्या दुरुस्तीने आला. नंतर २००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत जात त्यात येत नाही असं सांगायची वेळ आपल्यावरच आली, आणि मला ते अजून टोचतं.

दुसरा मुद्दा दुटप्पीपणाचा, आणि तो सगळ्यांत वजनदार. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट काढलं तेव्हा अमेरिकेने ते योग्य म्हटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्यावर निघालं तेव्हा तेच न्यायालय वाईट ठरलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्याच्यावर निर्बंध लादले. अमेरिका त्या न्यायालयाची सदस्यही नाही. हे पाहून गाझातल्या किंवा इराकमधल्या माणसाने मानवी हक्कांची भाषा तोंडावर फेकून मारली तर त्याला दोष कसा द्यायचा? तरीही कोण काय करतं ते नीट बघा. २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या बाजूने म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं ते गाम्बियाने, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या देशाने. आणि २९ डिसेंबर २०२३ रोजी इस्रायलविरुद्ध १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराखाली दावा लावला तो दक्षिण आफ्रिकेने. स्मट्सच्या दक्षिण आफ्रिकेने! १९४६ मध्ये ज्या देशाच्या हातात ढाल होती तो आज फिर्यादी आहे. बलवान देश नियम मोडतात तेव्हा नियमाचा कागद दुबळ्याच्याच कामाला येतो. तो फाडून टाकला तर बलवानाचं काय जातं? त्याच्याकडे विमानवाहू नौका आहेत.

तिसरा मुद्दा संस्कृतीचा. आपली परंपरा कर्तव्याची, हक्काची नव्हे, असं म्हणतात. यात तथ्य आहे. गांधीजींनी १९४७ मध्ये युनेस्कोच्या ज्युलियन हक्स्लींना कळवलं होतं की नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच हक्क मिळतात, हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. जाहीरनाम्याच्या कलम २९ मध्ये समाजाप्रति कर्तव्यांचा उल्लेख आहेच. पण कर्तव्य कोण ठरवणार? चवदार तळ्याचं पाणी न पिणं हेसुद्धा एका मोठ्या समाजाचं ‘कर्तव्य’ ठरवलेलं होतं. २० मार्च १९२७ रोजी महाडला जे झालं ते कर्तव्याच्या भाषेत कसं सांगणार? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. परदेशचा दाखला घेताना त्यांना कमीपणा वाटला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं, आणि आयुष्याच्या अखेरीस जे लिहिलं त्यात स्त्री-पुरुष दोघेही जन्मतः स्वतंत्र आणि सगळ्या मानवी हक्कांना पात्र आहेत असं मराठीत मांडून ठेवलं. ‘एकंदर सर्व स्त्रीपुरुष’ हा त्यांचा शब्दप्रयोग. हंसाबेनांची दुरुस्ती यायला अजून अर्धशतक होतं.

‘परक्याने सांगू नये’ हा युक्तिवाद मराठी माणसाने संमतिवयाच्या वादात पुरता पाहिला आहे. १८९१ मध्ये मुलीशी शरीरसंबंधासाठीच्या संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा करताना टिळकांचा विरोध होता तो मुख्यतः परक्या सरकारने आमच्या समाजात कायद्याने हात घालू नये म्हणून. परकं सरकार हा मुद्दा खोटा नव्हता. पण त्या वादात दहा वर्षांच्या मुलीचं म्हणणं कुठल्या पक्षाच्या खात्यात जमा झालं? बडोदे संस्थानाने या पेचाला उत्तर दिलं. सयाजीरावांनी १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला, १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सबंध राज्यात सक्तीचं केलं. राजा आपला, कायदा आपला. तेव्हाही विरोध झालाच, कारण खरी हरकत परकेपणाला नव्हतीच, ती दंडाच्या पावतीला होती. आणि आपलं राज्य असणं तेवढ्याने पुरत नाही हेही बडोद्यानेच दाखवलं. ज्या आंबेडकरांना १९१३ मध्ये संस्थानाने शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठवलं त्यांना १९१७ मध्ये याच शहरात राहायला जागा मिळाली नाही. कमाटीबागेतल्या झाडाखाली त्यांनी काढलेल्या वेळाची जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. राजाची इच्छा चांगली होती, शहराची नव्हती. अशा वेळी माणूस दाद मागायला घराबाहेर बघतो. याच आंबेडकरांनी १९४६ मध्ये डुबॉईसना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, अस्पृश्यांचा प्रश्न तिथे नेण्याच्या विचाराने. घरची तक्रार बाहेर नेली म्हणून त्यांना देशद्रोही म्हणायचं का?

या करारांनी सामान्य माणसाच्या हाती काय पडतं, हे तर चर्चेत कधी येतच नाही. १९८० मध्ये कर्जबाजारी माणसाला नुसतं कर्ज फेडता येत नाही म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, त्याची लबाडी सिद्ध व्हावी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी आधार घेतला तो त्याच नागरी हक्क करारातल्या कलम ११ चा. कोठडीत मुलाचा मृत्यू झालेल्या ओडिशातल्या आईला १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई देताना कलम ९ चा दाखला आला, आणि अटक करताना पोलिसांनी काय काय करायचं याचे ११ नियम घालून देणाऱ्या १९९६ च्या डी. के. बसू निकालात न्यायालय म्हणालं की करार स्वीकारताना भरपाईबाबत नोंदवलेली आपली जुनी हरकत आता निरर्थक झाली आहे. नोकरीच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ मध्ये विशाखा निकालाने नियम घालून दिले तेव्हा देशात त्यावर कायदाच नव्हता. न्यायालयाने स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा, भारताने १९९३ मध्ये पक्का केलेला करार वाचून ती पोकळी भरली. संसदेचा कायदा आला २०१३ मध्ये. मधली सोळा वर्षं कचेऱ्यांतल्या बायकांच्या हाती होते ते हेच ‘परके’ करार.

आणि करार बाजूला ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. छळविरोधी करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून पक्का केलेला नाही. छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात कायद्याचा मसुदाच हाती दिला. तो तसाच पडून आहे. आता दुसऱ्या टोकाला बघा. डिसेंबर १९९५ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर विमानातून शस्त्रास्त्रं टाकली गेली. आरोपी डेन्मार्कचा नागरिक. तिथलं सरकार त्याला द्यायला तयार होतं, पण तिथल्या न्यायालयाने २०११ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला. कारण एकच, भारतात छळ होण्याचा धोका. देशाविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोपी तीस वर्षं हाती लागत नाही याचं एक कारण आपणच जपून ठेवलेली ही कायद्यातली पोकळी आहे. ज्यांना राष्ट्रहिताची खरी काळजी आहे त्यांनी छळविरोधी कायद्यासाठी सर्वांत आधी रस्त्यावर यायला हवं होतं.

घरातल्या यंत्रणेची अवस्थाही याच नजरेने तपासायला हवी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ च्या कायद्याने आला. तो फक्त शिफारस करू शकतो. कलम ३६(२) प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटलं की त्याला चौकशी करता येत नाही. दूरच्या पाड्यावरचा माणूस वकील शोधेपर्यंत वर्ष सरतं. कलम १९ प्रमाणे सशस्त्र दलांबद्दल तक्रार आली तर स्वतः चौकशी नाही, केंद्राकडून अहवाल मागवायचा. २०२३ आणि २०२४ मध्ये अशा आयोगांच्या जागतिक संघाने आपल्या आयोगाच्या दर्जाचं नूतनीकरण लांबणीवर टाकलं, त्यात एक आक्षेप चौकशीच्या कामात पोलीस अधिकारीच नेमले जातात हा होता. हा आक्षेप परकीय असला तरी चुकीचा कसा? पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच तपासू नये हे सांगायला जिनिव्हा कशाला हवं! ही कलमं बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, साधं बहुमत पुरतं. आणि नागरी हक्क करारासोबत एक जोडकरार आहे, ज्याखाली देशातले सगळे दरवाजे ठोठावून थकलेला नागरिक स्वतः समितीकडे तक्रार करू शकतो. हंसाबेन १९४७ मध्ये तक्रारीचा जो मार्ग मागत होत्या त्याचंच हे सौम्य रूप. त्यावर भारताची सही अजून नाही.